गोल न करणाऱ्या खेळाडूचं मोल कसं ठरतं? तरुण हॉकी डिफेंडरची पारख कशी करायची, समजून घ्या

डिजिटल डेस्क, वाशिम

ऑक्टोबर २०२४. हॉकी इंडिया लीगच्या लिलावात सूरमा हॉकी क्लबनं हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख रुपये मोजले. पुरुषांच्या लिलावातली ती सर्वात मोठी बोली ठरली. महिलांच्या लिलावात सर्वात महागडी खेळाडू ठरली उदिता. बंगाल टायगर्सनं तिला ३२ लाखांना घेतलं.

या दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघंही डिफेंडर, म्हणजे बचावपटू आहेत.

आता शाळेच्या मैदानावर या. सामना संपला की पहिला प्रश्न असतो, "गोल कुणी मारला?" डिफेंडरचं नाव निघतं ते बहुतेक गोल खाल्ल्यावर. ज्या जागेला मोठ्या बाजारात सर्वाधिक भाव मिळाला, त्याच जागेवरचं मूल गावात कुणाच्या नजरेत भरत नाही.

वाशिमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न घरापर्यंत येतो. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत आहे, विभागीय स्पर्धा खेळून आली आहे, सर म्हणतात, "हॉकीत पुढे जाईल, पुण्याला पाठवा." पुणं इथून चारशे किलोमीटरहून जास्त लांब. पाठवायचं की नाही? पोरात खरंच तेवढा दम आहे का? आणि तो ओळखायचा कसा? एकेक मुद्दा पाहू.

डिफेंडरची पारख अवघड का असते?

आघाडीच्या खेळाडूचा हिशेब सोपा असतो. गोल किती केले, किती करून दिले, हे कागदावर येतं. डिफेंडरचं सर्वात चांगलं काम म्हणजे जे घडलंच नाही ते. समोरच्यानं पास द्यायचा विचार केला, पण डिफेंडर आधीच त्या वाटेत उभा होता, म्हणून पास दिलाच नाही. याची नोंद कुठल्याच स्कोअरशीटवर होत नाही.

दुसरी अडचण टॅकलची. मैदानावर झोकून देऊन बॉल काढणारा डिफेंडर प्रेक्षकांना आवडतो. पण वारंवार झोकून द्यावं लागतंय याचा अर्थ अनेकदा असा असतो की तो आधी चुकीच्या जागी उभा होता. जागा बरोबर असेल तर धावपळ कमी होते.

तिसरी अडचण चुकीच्या किमतीची. फॉरवर्डचा नेम चुकला तर खेळ पुढे सुरू राहतो. डिफेंडरनं आपल्या 'डी'मध्ये साधा फाउल केला तरी समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. डीच्या बाहेर, पण २३ मीटरच्या रेषेच्या आत मुद्दाम फाउल केला, तरी पेनल्टी कॉर्नरच. बॉल मुद्दाम आपल्याच गोललाइनबाहेर घालवला, तरीही तेच. म्हणजे बॉल हिसकावणं हे अर्धंच काम झालं. तो नियमात राहून हिसकावणं हे पूर्ण काम.

पॅरिसमध्ये काय दिसलं?

बचाव म्हणजे काय, हे समजण्यासाठी ४ ऑगस्ट २०२४ चा सामना आठवा. पॅरिस ऑलिम्पिकची उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच अनुभवी डिफेंडर अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. त्यानंतर ४० मिनिटांहून जास्त वेळ भारत १० खेळाडूंनी खेळला. सामना १-१ असा सुटला आणि शूटआउटमध्ये भारतानं तो ४-२ नं जिंकला.

त्या ४० मिनिटांत मिडफिल्डर आणि फॉरवर्डही मागे येऊन बचाव करत होते. कोण कुणाला धरणार, कोणती जागा मोकळी सोडायची, याचे निर्णय क्षणाक्षणाला बदलत होते. गोलरक्षक श्रीजेशचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्याच्यासमोर उभ्या असलेल्या खेळाडूंनी जागा सोडली नाही, हेही तितकंच महत्त्वाचं होतं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. रोहिदासला पुढच्या सामन्यात बंदी होती. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध भारत ३-२ नं हरला. एका डिफेंडरच्या एका कार्डाचा परिणाम दोन सामन्यांवर झाला.

सामना पाहताना कोणत्या ६ गोष्टींकडे लक्ष द्यावं?

१. बॉल यायच्या आधी मान फिरते का?
चांगला डिफेंडर बॉल येण्याआधी आजूबाजूला पाहून घेतो. बॉल स्टिकवर आल्यावर मग शोधाशोध करणारा खेळाडू वरच्या पातळीवर अडकतो, कारण तिथे समोरचा खेळाडू क्षणात अंगावर येतो. ही सवय १३-१४ व्या वर्षीही दिसते.

२. पहिला स्पर्श कसा आहे?
वेगानं आलेला बॉल पायाजवळ थांबतो की दोन फूट उसळतो? विशेषतः डाव्या बाजूला, रिव्हर्स स्टिकनं बॉल थांबवता येतो का? अनेक मुलांचा उजवा हात भक्कम असतो आणि डावी बाजू उघडी. समोरचा हुशार प्रशिक्षक पाच मिनिटांत ते हेरतो.

३. टॅकल करताना पाय काय करतात?
पालक स्टिककडे पाहतात, जाणकार पायांकडे. फॉरवर्ड अंगावर येत असताना डिफेंडर छोटी पावलं टाकत मागे सरकतो का? त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलतो का? की एका जागी रोवून उभा राहतो आणि मग एकदाच झेप घेतो? थांबण्याचा संयम हा डिफेंडरचा सर्वात मोठा गुण आहे.

४. बॉल मिळाल्यावर पुढे काय?
आधुनिक हॉकीत हल्ला डिफेंडरपासून सुरू होतो. बॉल काढला आणि जोरात कुठेही मारला, तर तो पुन्हा समोरच्याकडेच जातो. बॉल काढला, मान वर केली आणि मधल्या फळीतल्या मोकळ्या खेळाडूला सरळ पास दिला, तर तो खरा डिफेंडर. गर्दीच्या डोक्यावरून लांब एरियल बॉल टाकता येत असेल तर आणखी उत्तम.

५. तोंड चालतं का?
मागून सगळं मैदान दिसतं ते गोलरक्षकाला आणि डिफेंडरला. "डावीकडे माणूस आहे", "मागे ये", "थांब" असं जो सतत सांगतो, तो स्वतःबरोबर अजून दोघांचा बचाव करतो. अबोल मूल वाईट खेळाडू असतं असं नाही, पण ही गोष्ट शिकवावी लागते.

६. चुकीनंतरची दोन मिनिटं
चूक सगळे करतात. गोल खाल्ल्यानंतर तो खेळाडू लगेच जागेवर परततो की मान खाली घालून चालतो? रागानं पुढचाच फाउल करतो का? ग्रीन कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, यलो कार्ड म्हणजे किमान पाच मिनिटं. तेवढा वेळ संघ एका खेळाडूनं कमी. वारंवार कार्ड घेणाऱ्या डिफेंडरवर निवड समिती विश्वास टाकत नाही.

मग ड्रॅग फ्लिकचं काय?

लिलावातले मोठे आकडे पाहिले की एक गोष्ट लगेच कळते. हरमनप्रीतला ७८ लाख, अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि आता जर्मनीकडून खेळणाऱ्या गोन्झालो पेयाटला ६८ लाख, नेदरलँड्सच्या यिप यानसनला ५४ लाख, जुगराज सिंगला ४८ लाख. हे सगळे ड्रॅग फ्लिकर आहेत. पेनल्टी कॉर्नरवर थांबवलेला बॉल स्टिकवर ओढत गोलकडे भिरकावण्याची ही कला.

त्याला किंमत का, हे नियमात आहे. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका 'हिट'नं मारला, तर बॉल गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलमागच्या फळीपेक्षा उंच असून चालत नाही. फ्लिकला ही मर्यादा नाही. त्यामुळे गोलच्या वरच्या कोपऱ्यांत ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगानं बॉल टाकता येतो. बचावाला गोलरक्षक धरून फक्त पाच खेळाडू असतात. पॅरिसमध्ये हरमनप्रीतनं केलेले १० गोल हे त्या स्पर्धेतले सर्वाधिक होते, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच.

म्हणून हल्ली प्रत्येक मुलाला फ्लिकर व्हायचं असतं. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, फ्लिक ही बचावावरची जोड आहे, बचावाची जागा ती घेत नाही. अमित रोहिदासचंच पाहा. त्यालाही लिलावात ४८ लाख मिळाले. तो फ्लिक मारतो, पण त्याचं मोठं नाव आहे ते 'फर्स्ट रशर' म्हणून. समोरचा फ्लिक मारत असताना गोलरेषेवरून थेट त्याच्या अंगावर धावून जाणारा तो पहिला माणूस. दुसरी, फ्लिक मारताना कंबर वाकते आणि त्याच वेळी पिळली जाते. वाढत्या वयाच्या मुलांनी रोज शेकडो फ्लिक मारले तर कंबरेवर ताण येतो. आधी मांड्या आणि पोटाचे स्नायू मजबूत करायचे, फ्लिकची संख्या हळूहळू वाढवायची. कंबर दुखत असेल तर "खेळता खेळता जाईल" म्हणून सोडून देऊ नका.

मोबाइलवर नोंद कशी ठेवाल?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक फोन, उंचावर बसायची जागा आणि एक वही पुरते. फोन आडवा धरा. फक्त बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका, कारण डिफेंडरचं अर्धं काम बॉलपासून लांब असतं. आपलं मूल आणि त्याच्या आसपासची जागा फ्रेममध्ये ठेवा. घरी येऊन व्हिडिओ पाहताना एवढ्याच गोष्टी मोजा:

- टॅकल किती केले, त्यात बॉल स्वच्छ किती वेळा मिळाला
- आपल्या २३ मीटरच्या आत फाउल किती
- आपल्या चुकीमुळे गेलेले पेनल्टी कॉर्नर किती
- दिलेले पास किती, सहकाऱ्यापर्यंत पोचलेले किती
- मध्येच अडवलेले पास किती
- बॉल गेल्यावर जागेवर परतायला किती सेकंद लागले

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ४ नंबरच्या जर्सीनं १२ टॅकल केले, ७ वेळा बॉल मिळवला, ३ फाउल केले आणि २ पेनल्टी कॉर्नर दिले. ५ नंबरनं फक्त ५ टॅकल केले, ४ वेळा बॉल मिळवला, एकही फाउल नाही, शिवाय ६ पास मध्येच अडवले आणि २० पैकी १६ पास पोचवले. मैदानाबाहेर चर्चा ४ नंबरची होईल. वही मात्र ५ नंबरच्या बाजूनं बोलते.

एका सामन्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. समोरचा संघ कमकुवत असेल तर सगळेच आकडे छान दिसतात. किमान आठ-दहा सामने, त्यात तीन-चार आपल्यापेक्षा भारी संघांविरुद्धचे, एवढी नोंद जमा झाली की चित्र दिसायला लागतं. आणि आकडा किती आहे यापेक्षा तो सहा महिन्यांत कुठे सरकतोय, हे पाहा.

कोणत्या वयात काय अपेक्षा ठेवायची?

१२ ते १४ वर्षं: या वयात सर्वात मोठी फसगत शरीरामुळे होते. मुलींची उंची साधारण १२ च्या आसपास आणि मुलांची १४ च्या आसपास झपाट्यानं वाढते. पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. लवकर वाढलेला मुलगा केवळ अंगापिंडाच्या जोरावर टॅकल जिंकतो आणि 'टॅलेंट' ठरतो. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात. उशिरा वाढणारा बारीक मुलगा तोवर बाहेर फेकला गेलेला असतो. जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच वयोगटात खेळतं, तेव्हा त्यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर असतं हेही विसरू नका. या वयात ताकदीला कमी आणि स्पर्श, पाय व नजरेला जास्त गुण द्या.

१५ ते १७ वर्षं: आता दम आणि वेग मोजायला हरकत नाही. डिफेंडरला सलग लांब धावण्यापेक्षा थांबून-वळून पुन्हा पळण्याची ताकद हवी. यो-यो चाचणी त्यासाठीच असते. २० मीटर जायचं, २० मीटर परतायचं, १० सेकंद विश्रांती, आणि दर टप्प्याला वेग वाढत जातो. याच वयात जागा बदलून पाहावी.

१८ ते २१ वर्षं: खरी परीक्षा इथे. ज्युनिअर गटाची आंतरराष्ट्रीय मर्यादा २१ वर्षांची आहे. या काळात खेळाडू मोठ्या, अनुभवी फॉरवर्डविरुद्ध नियमित खेळतोय का, हे महत्त्वाचं. वयोगटात चमकलेली अनेक मुलं इथे थांबतात.

२१ नंतर: डिफेंडर उशिरा पिकतो. जुगराज सिंग भारताच्या सीनियर संघात आला २०२२ मध्ये, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. १ फेब्रुवारी २०२५ ला हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात त्यानं हॅटट्रिक केली आणि बंगाल टायगर्सनं हैदराबाद तुफान्सला ४-३ नं हरवलं. रोहिदास २०१३ मध्ये संघात आला, मग काही वर्षं बाहेर राहिला आणि २०१७ मध्ये परतला. त्याचं पहिलं ऑलिम्पिक टोकियोचं, तेव्हा वय २८.

आणि उदिता? ती आधी हँडबॉल खेळायची. हॉकीत आली ती फॉरवर्ड म्हणून. डिफेंडर ती नंतर झाली. त्यामुळे १४ व्या वर्षी "हा डिफेंडरच" किंवा "हिच्यात काही नाही" असा शिक्का मारणं घाईचं ठरतं.

आपल्या राज्यात असं कुणी आहे का?

आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे. दोघीही ग्रामीण भागातून आल्या, दोघींनाही राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढचा रस्ता मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या ज्युनिअर विश्वचषकात दोघी भारताकडून खेळल्या. भारत चौथा आला.

वैष्णवीचा पुढचा प्रवास या लेखाच्या विषयाला नेमका लागू पडतो. जून २०२२ मध्ये डब्लिनमधल्या २३ वर्षांखालील स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती. जानेवारी २०२३ मध्ये सीनियर संघात पदार्पण. त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकणाऱ्या संघातही ती होती. यात ती कधी मधल्या फळीत दिसते, कधी बचावात. दोन जागा सांभाळणारा खेळाडू १८ जणांच्या संघात प्रशिक्षकाला फार उपयोगी पडतो. अक्षताचं स्थान मात्र बचावातलंच. तीही प्रो लीगमध्ये सीनियर संघाकडून खेळली.

विदर्भाचं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या यवतमाळचा गोलरक्षक आकाश चिकटे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ढाक्यात भारतानं आशिया चषक जिंकला, तेव्हा संघातले दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे होते, आकाश आणि मुंबईचा सूरज करकेरा. म्हणजे बचावाच्या शेवटच्या रेषेपर्यंत आपल्या भागातला खेळाडू पोचला आहे.

मातीवरचा खेळाडू टर्फवर टिकतो का?

वाशिमच्या मुलांसाठी हा कळीचा प्रश्न आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर खेळली जाते. मातीवर बॉल उसळतो, अडखळतो, वेग गमावतो. टर्फवर तो सपाट आणि कितीतरी जलद येतो. मातीवर वाढलेला डिफेंडर पहिल्यांदा टर्फवर गेला की दोन गोष्टी होतात. बॉल स्टिकखालून निसटतो आणि फॉरवर्ड त्याच्या अपेक्षेपेक्षा एक पाऊल आधी पुढे गेलेला असतो.

म्हणून मातीवरच्या मुलाची टर्फवरची पहिलीच चाचणी पाहून निकाल लावणं अन्यायाचं आहे. पहिल्या दिवशी तो कसा खेळला यापेक्षा दहाव्या दिवशी किती सुधारला, हे पाहायला हवं. जो लवकर जुळवून घेतो, त्याच्यात शिकण्याची ताकद आहे.

टर्फ नसतानाही तयारी करता येते. सिमेंटच्या किंवा फरशीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, भिंतीवर बॉल मारून परत येणारा बॉल थांबवण्याचा रोजचा सराव पहिला स्पर्श सुधारतो. खाली वाकून, स्टिक जमिनीला जवळपास आडवी टेकवून अडवायची सवय आधीच लावता येते. मागे सरकताना छोटी पावलं टाकण्याच्या सरावाला तर मैदानाचा प्रकारही आडवा येत नाही.

वाशिममधून पुढचा रस्ता कसा जातो?

- शालेय स्पर्धा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. अमरावती विभागात वाशिमसोबत अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळ. हॉकीसाठी जवाहरलाल नेहरू चषक ही वेगळी शालेय स्पर्धाही आहे.
- क्रीडा प्रबोधिनी: राज्य सरकारची निवासी योजना. राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण सरकारकडून. लहान वयातल्या प्रवेशासाठी उंची, ३० मीटर धाव, शटल रन, उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर अशा चाचण्या होतात. यात हॉकीची समज तपासली जात नाही, शरीराची क्षमता तपासली जाते. तयारी त्यानुसार करा.
- खेलो इंडिया: निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६.२८ लाख रुपयांपर्यंत खर्च होतो. त्यातले १.२० लाख, म्हणजे महिन्याला १० हजार, किरकोळ खर्चासाठी खेळाडूला मिळतात.
- राष्ट्रीय स्पर्धा: हॉकी इंडियाच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनियर स्पर्धा. राज्य संघात निवड झाली की इथे खेळता येतं. राष्ट्रीय शिबिरांचा रस्ता इथूनच जातो.

माहितीसाठी पहिला दरवाजा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा. "पैसे द्या, निवड करून देतो" असं सांगणारा कुणी भेटला तर दोन हात लांब राहा. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांतली तारीख एकच असल्याची खात्री आजच करा. वयाच्या घोळानं चांगल्या मुलांच्या संधी जातात.

हॉकीत पैसा किती आणि शक्यता किती?

इथे थोडं गणित करू. पुरुषांच्या हॉकी इंडिया लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात ८ संघ होते. प्रत्येक संघात २४ खेळाडू, त्यात १६ भारतीय. म्हणजे देशभरातून १२८ भारतीय खेळाडू. प्रत्येक संघात किमान चार ज्युनिअर हवेत, म्हणजे किमान ३२ जागा तरुणांसाठी. एका संघात पाच-सहा भारतीय डिफेंडर धरले तर सगळ्या देशात ४०-४८ जागा होतात.

बोलीची किमान किंमत २, ५ आणि १० लाख अशा तीन पायऱ्यांची होती. सगळ्यांना ७८ लाख मिळत नाहीत. तो हंगाम २८ डिसेंबर ते १ फेब्रुवारी, साधारण पाच आठवड्यांचा होता. महिलांच्या पहिल्या हंगामात चारच संघ खेळले, म्हणजे जागा आणखी कमी.

मग बाकीच्यांचं काय? भारतीय हॉकीत बहुतेक खेळाडूंचं घर लीगवर चालत नाही, नोकरीवर चालतं. रेल्वे, सेनादलं, तेल कंपन्या, बँका, पोलीस यांचे संघ खेळाडूंना नोकरी देतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्पर्धांतली कामगिरी आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा.

आणि शिक्षण सोडू नका. भारताचा माजी कर्णधार, मुंबईचा विरेन रस्किन्हा २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकीतून बाहेर पडला, हैदराबादच्या आयएसबीमध्ये एमबीए केलं आणि पुढे ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट ही खेळाडूंना मदत करणारी संस्था सांभाळली. अभ्यास सुरू होता म्हणून दुसरा रस्ता उघडा राहिला.

पाठवायचं की नाही? निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

मुलाच्या प्रशिक्षकाला विचारा:

- गेल्या सहा महिन्यांत नेमकं काय सुधारलं? "छान खेळतो" हे उत्तर पुरेसं नाही.
- सर्वात मोठी कमजोरी कोणती, आणि ती शिकवून जाणारी आहे का?
- तो त्याच्यापेक्षा मोठ्या मुलांविरुद्ध कसा खेळतो?
- तो डिफेंडर का आहे? आवड आहे म्हणून, की फॉरवर्डची जागा भरलेली होती म्हणून?

जिथे पाठवणार तिथे विचारा:

- आठवड्यातून किती दिवस टर्फ मिळतो?
- दुखापत झाली तर कोण पाहतं?
- शाळेची हजेरी आणि परीक्षा कशी सांभाळली जाते?
- वयोगटात सामने किती मिळतात? नुसता सराव करून डिफेंडर घडत नाही.

आणि मुलाला एकच प्रश्न विचारा. "तुझा संघ १-० नं जिंकला, तू काही चुकलं नाहीस, पण कुणी तुझं नावही घेतलं नाही. तुला कसं वाटेल?" उत्तर मनापासून "मस्त" असं आलं, तर या जागेसाठी लागणारा स्वभाव त्याच्याकडे आहे.

तिन्हीकडून उत्तरं बरी आली, तर १५-१६ व्या वर्षी दोन वर्षांची संधी द्यायला हरकत नाही. दोन वर्षांनी तीच वही, तेच रकाने काढून पुन्हा बसायचं. आकडे पुढे सरकले असतील तर पुढची दोन वर्षं. नसतील तर बारावी, प्रमाणपत्रं आणि खेळानं दिलेलं शरीर घेऊन दुसऱ्या वाटेनं जायचं. पोलीस भरती असो वा शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम, ही शिदोरी तिथेही कामाला येते.

तोवर शाळेच्या पुढच्या सामन्याला गेलात तर एक करा. पहिली दहा मिनिटं बॉलकडे पाहूच नका. फक्त मागच्या फळीतल्या एका खेळाडूकडे पाहा. तो कुठे उभा आहे, कधी मान फिरवतो, कुणाला काय ओरडून सांगतो. वहीतल्या पहिल्या पानाला तेवढं पुरेल.